अभिराम अनवाणी आला ती संध्याकाळ

प्रिय वैजू,

अभिरामने हे पाकीट हातात ठेवलं की तू आधी त्याच्याकडे बघशील, मग पाकिटाकडे, आणि म्हणशील, ह्यांना आता पत्र लिहायचं काय सुचलं! फोन आहे, व्हिडिओ कॉल आहे, सगळं आहे. पण फोनवर आपलं काय होतं ते तुला ठाऊक आहे. दुसऱ्या वाक्याला माझा आवाज चढतो, तिसऱ्याला तू "बरं, ठेवते" म्हणतेस आणि खरोखरच ठेवतेस. गेले दोन महिने तर तेवढंही नाही, सगळे निरोप अभिरामच्या तोंडून. कागदावर मला ओरडता येत नाही आणि तुला ठेवून देता येत नाही, म्हणून हा खटाटोप. शेवटपर्यंत वाच, मधेच घडी घालून उशीखाली सारू नकोस. गेल्या गुरुवारी संध्याकाळी मी तुला मेलेली समजून चाललो होतो. हे असं एकदम लिहिल्यावर तू दचकशील, पण मीही दचकलोच होतो. आता क्रमाने सांगतो, मला तसंच सांगता येतं.

रबाळ्याच्या कारखान्यात माझी सगळी नोकरी फाटकाशी गेली. सेफ्टी ऑफिसर म्हणजे लोकांना वाटायचं टेबलखुर्चीचं काम; प्रत्यक्षात मी उभा राहून येणाऱ्या प्रत्येकाचे पाय बघायचो. सेफ्टी शूज नाहीत तर आत नाही, मग तो कामगार असो की मालकाचा मेहुणा. माणसाचं तोंड नंतर, पाय आधी, ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही, आणि त्यावरून तू मला लग्नाच्या पंगतीतही चिमटे काढले आहेस. त्यात माझं लहानपण कोरेगावकडचं. सातवीपर्यंत पायांत काही नव्हतं. उन्हाळ्यात शाळा सुटली की आम्ही झाडाची सावली, भिंतीची सावली बघत पळत घर गाठायचो. त्यामुळे अनवाणी माणूस दिसला की माझ्या डोक्यात तीनच कारणं येतात. ऐपत नाही, नवस आहे किंवा घरात कोणी गेलंय. आपल्या लेकाने, अभिरामने, न्यूझीलंडला जाऊन चौथं कारण शोधून काढलं, बरं वाटतं म्हणून. त्याचं एक सोड, तो पहिल्यापासून तऱ्हेवाईक. पण अर्पिता, माझी नात, शाळेत अनवाणी जाते आणि तिथली मास्तरीणही अनवाणी शिकवते, हे बघून मी दोन दिवस धड जेवलो नव्हतो. बरं, घरात मात्र तिथली माणसं बुटांसकट गालिच्यावर चालणार, सोफ्यावर पाय घेणार. म्हणजे जिथे काढायचे तिथे घालायचे आणि जिथे घालायचे तिथे काढायचे. आणि मग तू. माझ्या घरातल्या स्लिपरांना ओट्याजवळ फिरकू न देणारी, खाली भाजीला जातानाही चपलेचा पट्टा पुसून घालणारी तू तिकडे गेलीस आणि पंधरा दिवसांत साडी जरा वर खोचून गवतावर अनवाणी फिरताना फोटोत दिसायला लागलीस. आपली सून सई म्हणाली, आई दुकानातसुद्धा तशाच येतात. मला राग आला तो आलाच. अजूनही पूर्ण गेलेला नाही.

आपलं शेवटचं धड बोलणं एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातलं. तू म्हणालीस, डोकं फार दुखतं हो हल्ली. मी म्हटलं, दुखणारच, सकाळी दव पडलेल्या गवतावर फिरतेस, थंडी पायांतून डोक्यात चढते, चपला घाल म्हणजे थांबेल. मग मी तसाच पुढे सुटलो, अर्पिताचे पाय, अभिरामचे पाय, सगळ्या देशाचे पाय. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, बरं, ठेवते. त्यानंतर डोक्याचा विषय कधी निघाला नाही, कारण आपण बोललोच नाही.

तर गुरुवार. मी गॅलरीत उभा होतो. इकडे मे महिन्याने जीव नकोसा केलाय, संध्याकाळी जरा खाडीवरून वारा येतो तेवढाच आधार. खाली फाटकाशी टॅक्सी थांबली आणि एक माणूस उतरला. सवयीने आधी पाय पाहिले. अनवाणी. मग वर पाहिलं तर डोक्याचा गोटा. पाठीला पिशवी आणि हातात दुसरं काही नाही. तो मान वर करून आपल्या मजल्याकडे बघायला लागला तेव्हा कळलं की हा अभिराम आहे. येतोय असं कळवलेलं नाही. एकटा. मुंडण केलेला. अनवाणी.

वैजू, आपल्या माणसाला यातून दुसरं काय कळणार? नाना गेले तेव्हा वडिलांना अग्नी देऊन मी असाच दिवस होईपर्यंत भर उन्हात अनवाणी हिंडलो होतो. गावात कोणी काही विचारलं नाही, पाय बघून लोक बाजूला होत. अग्नी दिलेल्या मुलाला विचारायचं नसतं, त्याच्याकडे बघून समजायचं असतं. मी समजलो. एवढी मोठी गोष्ट फोनवर का नाही सांगितली, हाही प्रश्न मनात आला, आणि त्याचं उत्तरही माझं मीच दिलं. दोन वर्षांमागे माझ्या छातीत स्टेंट घातलेत. अशी बातमी फोनवर देत नाहीत, माणूस पाठवतात.

खाली किसनने, आपल्या वॉचमनने, त्याला बघून खुर्चीतून उठून हात जोडले. मी वरून ते पाहिलं. अभिरामनेही हसून हात जोडले. हसला कसा, हे मला कळेना. पण दुःखात माणूस कसाही वागतो अशी मी समजूत घातली. लिफ्ट वर येईपर्यंत मी दार उघडून उभा राहिलो. तो समोर आला, मी पुढे झालो, तर हात वर करून म्हणाला, "बाबा, जवळ येऊ नका. आधी आंघोळ करतो, मग बोलू." आणि पिशवी दारातच टाकून तो थेट बाथरूममध्ये गेला. तीन विमानतळांची धूळ आणि लोकांचं खोकणं अंगावर घेऊन माझ्यासारख्या हृदयाच्या पेशंटला मिठी मारायची नाही, एवढाच त्याचा विचार होता, हे नंतर कळलं. त्या वेळी माझ्या डोक्यात सुतकाशिवाय दुसरं काही आलं नाही. शिवायचं नाही, आधी आंघोळ.

बाथरूमच्या बाहेर मी भिंतीला टेकून उभा राहिलो. आतून पाण्याचा आवाज येत होता. मला वाटलं होतं अशा वेळी माणसाला रडू येतं. मला नाही आलं. मला तुझा संताप आला. सांगून तरी जायचं होतंस. भांडण अर्धवट टाकून गेलीस. पुढचं सगळं कोणी ठरवलं, तिकडे भटजी मिळतात का, तुला कोणती साडी नेसवली, मला का नाही विचारलं? मग आठवलं की तुझं माझ्याशी शेवटचं बोलणं "बरं, ठेवते" एवढंच आहे, आणि माझं शेवटचं बोलणं चपलांवरचं. मी पायांतल्या स्लिपर काढल्या आणि दाराबाहेर नेऊन ठेवल्या. का ठेवल्या ते विचारू नकोस, त्या घालून घरात उभं राहवेना. मग वेड्यासारखा तुलाच फोन लावला. मेलेल्या बायकोला फोन लावणारा मी पहिलाच असेन. तिकडे मध्यरात्र होती. तुझा फोन वाजत राहिला, कोणी उचलला नाही.

अभिराम टॉवेलने मान पुसत बाहेर आला. मी विचारलं, "कधी गेली?" तो म्हणाला, "कोण?" मी म्हटलं, "तुझी आई."

त्याने हसायला हवं होतं, वैजू. कोणीही हसला असता. बाबा काय हे, असं म्हणून माझ्या खांद्यावर थाप मारली असती, कारण केस गळायला लागले म्हणून त्याने डोकं भादरलंय आणि विमानात पाय सुजले म्हणून बूट पिशवीला बांधलेत, एवढीच तर गोष्ट होती. तो हसला नाही. तिथेच फरशीवर बसला आणि टॉवेल तोंडावर धरून रडायला लागला. रडतारडता म्हणत होता, आई आहे बाबा, आई घरी आहे, झोपली असेल, असं काय बोलता. तू आहेस हे कळून माझ्या जिवात जीव आला, पण त्याच क्षणी दुसरी भीती आत शिरली. जी आई घरी सुखरूप झोपलीय तिच्यासाठी चाळिशीचा मुलगा असा का रडतो?

मी पुन्हा फोन लावला आणि या वेळी तू उचललास. त्या रात्री मी काहीच बोललो नाही म्हणून तू चिडली असशील. तू झोपेतल्या आवाजात दोनदा "अहो" म्हणालीस. मला तेवढंच ऐकायचं होतं. पुढे बोललो असतो तर मला रडू फुटलं असतं, आणि ते तू आयुष्यभर ऐकवलं असतंस. म्हणून ठेवला. या खेपेला मी ठेवला.

इकडे सोसायटीत तोवर तू रीतसर वारली होतीस. किसनने अभय सेक्रेटरीला सांगितलं, आणि अभयने शहानिशा न करता ग्रुपवर टाकलं की सी विंगमधल्या वैजयंतीताईंचं परदेशात दुःखद निधन, भावपूर्ण श्रद्धांजली. खाली हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली, आणि त्यातच बी विंगमधल्या कोणीतरी टँकर किती वाजता येणार तेही विचारून घेतलं. मी खाली जाऊन अभयला असा झाडला की त्याची बायको बाहेर आली. तरी शुक्रवारी सकाळी आपली कोळीण गंगू पाटी घेऊन आलीच. जूनपासून मासेमारीला बंदी लागायच्या आधी तुझ्यासाठी कोळंबीचे सोडे आणून ठेवीन म्हणाली होती ना, ते घेऊन. दारात अभिराम, डोक्याचा गोटा, उघडे पाय, असा उभा. त्याला बघून तिने पाटी खाली टाकली आणि गळा काढला, "माजी ताय कवा गेली रं बाला? मना कोनी सांगलं पन नाय!" अभिराम तिला समजावतोय, मी समजावतोय, ती ऐकेना. शेवटी तुझा कालचा फोटो दाखवला तेव्हा डोळे पुसून त्याच्यावरच उखडली, "जित्ती हाय नं? मंग पायान चपला घाल रं, मानसाचा जीव जातंय." ती आयुष्यभर खाडीच्या चिखलात अनवाणी फिरली आहे, होडीवर तर त्यांच्यात चप्पल चढतच नाही, पण बिल्डिंगमध्ये येताना तिच्याही पायांत चप्पल असते. मी अभिरामला म्हटलं, बघ, तिलाही कळतं.

त्याने येण्याचं कारण सांगितलं ते हे, की बाबा, तुम्हाला न्यायला आलोय, व्हिसाचा फॉर्म आजच भरू. गेल्या वर्षी काढलेला व्हिसा मी हट्टाने वाया घालवला होता आणि तू एकटीच गेली होतीस. मी म्हटलं, मला नाही यायचं, तुझ्या आईला यायचं असेल तर तिचं घर इथे आहे. गुरुवारी म्हटलं, शुक्रवारी दोनदा म्हटलं. प्रत्येक वेळी त्याचा चेहरा उतरायचा, पण तो वाद घालत नव्हता. हा मुलगा आणि वाद घालत नाही? सईचा फोन आला की गॅलरीत जाऊन दार ओढून घ्यायचा. माझ्या गोळ्या कुठल्या, शेवटचा ईसीजी कधी काढला, हे पुन्हापुन्हा विचारायचा. जेवताना मी एकदम मान वर केली की तो माझ्याकडेच बघत असायचा. दोन दिवस मी ताटावर बसायचो आणि उठायचो. विचारायचं धाडस होईना. एकदा विचारून काय झालं ते पाहिलं होतं.

शनिवारी मी त्याला वाशीला चपलांच्या दुकानात नेलं. म्हटलं, इथे आहेस तोवर घाल, लोक मला सांत्वनाला येतात ते थांबेल. दुकानातला पोरगा एकेक जोड काढून समोर मांडत होता, आणि अभिराम खाली मान घालून बसला होता. मी माझं सुरू केलं. तुला तिसरीत पहिले चामड्याचे बूट घेतले तेव्हा मला काय वाटलं होतं ठाऊक आहे का, वगैरे. तू ते तोंडपाठ म्हणून दाखवतेस तेच. तो एकदम म्हणाला, "बोला बाबा. आई म्हणालीच होती, बाबा पायांवरून बोलतील, तेवढं ऐकून घे आणि बाकी काही सांगू नकोस." बोलून गेला आणि त्याचं त्यालाच कळलं. मी हातातली चप्पल खाली ठेवली. म्हटलं, बाकी काय?

तिथेच, उघड्या खोक्यांच्या मधे बसून त्याने सांगितलं. तुझं डोकं थंडीने दुखत नव्हतं. मेंदूतल्या एका शिरेला फुगा आलाय. डॉक्टरांनी विमानात बसायला बंदी केलीय म्हणून तू घरी येत नाहीस, माझ्यावर रुसून नाही. आणि तू त्याला बजावून पाठवलंस की कारण सांगून आणू नकोस, आपणहून आले तर आण. आदल्या रात्री सईने फोनवर ऑपरेशनची तारीख कळवली होती. पुढचा मंगळवार. दुकानातल्या पोराने विचारलं, काका, पाणी देऊ का? चपला न घेताच आम्ही बाहेर आलो आणि वाशीच्या भर बाजारातून माझा मुलगा माझ्याशेजारी अनवाणी चालत होता. लोक बघत होते. त्या दिवशी मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

म्हणून हे पत्र, वैजू. त्याच्यावर रागावू नकोस, त्याने सांगितलं नाही, मी काढून घेतलं. शनिवारीच संध्याकाळी आम्ही फॉर्म भरला. व्हिसा कधी मिळेल ते कोणी सांगत नाही, म्हणून अभिराम हे पत्र घेऊन पुढे येतोय. मंगळवारच्या आत मिळाला तर मी हॉस्पिटलच्या दारात असेन, नाही मिळाला तर नसेन. माझ्यासाठी तारीख पुढे ढकलायची नाही, हे मी अभिरामकडूनही वदवून घेतलंय. तू म्हणशील, कारण कळल्यावर येताय, त्याला आपणहून येणं म्हणत नाहीत. खरं आहे. कारण न कळता मी आलो असतो का? नसतो आलो. तुला बरं वाटावं म्हणून खोटं लिहीत नाही. मला तू हवी आहेस, भांडायला, ठेवते म्हणायला, कशालाही. त्या संध्याकाळी बाथरूमबाहेर उभा होतो तसं मला पुन्हा उभं राहता येणार नाही. तुला मंगळवारी आत नेतील तेव्हा तुझ्या एका बाजूला अभिराम असेल, दुसऱ्या बाजूला सई असेल, आणि कदाचित मी नसेन. पण मला काही माहीत नाही असं समजून आत जाऊ नकोस. मला माहीत आहे.

तुझाच, तिकडे यायला निघालेला,
जयप्रकाश